ओवी, कवडी आणि कृपा : ख्रिस्ती कथनाचा एक मागोवा

सन १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत त्याने बायबलची कथा सांगितली. ग्रंथाच्या आरंभीच त्याचे प्रयोजन येते. देवळात धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती उठून म्हणतो की शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तर सुटली. मग वेळ घालवायला त्यांच्या जागी आम्हांला काही द्याल की नाही? त्या मागणीला स्टीफन्सने ‘पुराण’ याच नावाने उत्तर दिले आणि ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात मला हा प्रसंग मध्यवर्ती वाटतो. केवळ प्रश्नोत्तरांनी श्रद्धा जगत नाही, तिला कथा लागते. आणि ती कथा लोकांच्या अंगवळणी पडलेल्या रूपातच यावी लागते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच ओळखून अभंग आणि कीर्तन जवळ केले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

आम्हां घाटंजीकरांना हा विषय परका नाही. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळात होती; नंतर ती पुण्याला गेली. उपदेश कसा करावा, याचे धडे इथे कित्येक पाळकांनी घेतले. आज मंडळ्यांतील तरुण मुले कथा शोधतात ती मोबाईलच्या पडद्यावर, व्हिडिओ गेममध्ये. वडीलधाऱ्यांची तक्रार असते की त्यात वेळ जातो आणि हाणामारी फार. तक्रार खरी आहे. पण राचोलच्या त्या श्रोत्याचा प्रश्न आजही तोच आहे : हे सोडायचे, तर त्याच्या जागी काय?

खेळातून धर्म सांगणे आपल्याकडे नवे नाही. परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट पाहा. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने चढायचे, दुर्गुणाच्या सापाने घसरायचे आणि शेवटी मोक्षाला पोहोचायचे. इंग्रजांनी हा खेळ विलायतेला नेला. तिथे तो मुलांचा सापशिडीचा खेळ झाला. पटावर पायरीपायरीने वर चढण्याचा हिशेब असतो. बहुतेक व्हिडिओ गेम त्याच जातीचे आहेत : गुण मिळवा, टप्पा ओलांडा, जिंका.

ख्रिस्ती विचाराला अडचण आहे ती इथेच. इफिसकरांस पत्रात पौलाची शिकवण अशी, की तारण कर्मांनी मिळवता येत नाही. ते कृपेचे दान आहे. मग कमाईवर उभा असलेला खेळ कृपेची कथा कशी सांगणार? हाणामारीच्या तक्रारीपेक्षा हा आक्षेप मला अधिक खोल वाटतो.

त्याला एक उत्तर अमेरिकेत मिळाले. रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याच्या जोएल या मुलाला वर्षाचा असतानाच मेंदूचा कर्करोग झाला. २०१४ मध्ये, पाचव्या वर्षी, तो गेला. आईबापांनी सहकाऱ्यांसह त्याच्यावर ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा गेम केला; तो जानेवारी २०१६ मध्ये आला आणि पुढल्या वर्षी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

त्यात रुग्णालयातील एक रात्र आहे. तहानलेले लेकरू रडते आहे, पाजलेले पोटात ठरत नाही. खेळणारा बापाच्या जागी आहे. तो जे जे करून पाहतो, ते व्यर्थ जाते. बोटांचे कौशल्य तिथे संपते. अखेर बाप प्रार्थना करतो आणि मूल शांत होते. तरीही आजार जात नाही. आईचा विश्वास आणि बापाची निराशा यांतले अंतरही हा गेम झाकत नाही. ईयोबाच्या पुस्तकातही मित्रांची तयार उत्तरे अपुरी पडतात आणि दुःखिताचा आक्रोश ग्रंथात तसाच राहतो. हा गेम त्याच वाटेने जातो. शेवटी जोएल भेटतो तो पॅनकेक खात, हसतखेळत. ती भेट खेळणाऱ्याने जिंकलेली नसते. ती त्याला दिली जाते.

ओवी ऐकणारा दुःखिताबद्दल ऐकतो. इथे खेळणाऱ्याचे स्वतःचे हात रिकामे राहतात. कथनाच्या इतिहासात व्हिडिओ गेमने घातलेली भर ती हीच. म्हणून मंडळीतील जाणत्यांना माझे सांगणे एवढेच, की गेममध्ये येशूचे नाव किती वेळा येते, हे मोजू नये. खेळणारा हतबल होतो तेव्हा तो गेम त्याला काय देतो, हे मुलांच्या शेजारी बसून पाहावे. स्टीफन्सनेही आधी श्रोत्याचे ऐकून घेतले होते. ओवी नंतर लिहिली.