खताची समान किंमत आणि बांधावरील सीमा : विंचूर परिसराच्या संदर्भात

एकच खत दोन शेजारी देशांतील शेतकऱ्यांस भिन्न किमतीस का घ्यावे लागते, हा प्रश्न कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सीमेवर वारंवार उपस्थित होतो. तेथील भेदाचा काही भाग जकातीच्या धोरणातून उत्पन्न होतो. २०२१ मध्ये अमेरिकेने मोरोक्को व रशिया येथून येणाऱ्या स्फुरदयुक्त खतांवर प्रतिशुल्क बसविले. कॅनडाने तसे केले नाही. उलट, मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर कॅनडाने रशियन मालावर ३५ टक्के जकात लादली व तीत खतेही आली. तिचा भार आपल्यावर पडतो, अशी तक्रार ऑन्टारिओ व क्वेबेक या पूर्वेकडील प्रांतांतील शेतकऱ्यांनी केली. अमेरिकेने रशियन खतांवर अशी सरसकट जकात बसविली नव्हती. अशा रीतीने भेदाचे कारण कधी एका बाजूस, तर कधी दुसऱ्या बाजूस आढळते. तथापि दोन्ही प्रसंगी ते नकाशावर दाखविता येते.

भारतातील स्थिती वरकरणी याच्या अगदी उलट आहे. युरियाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरविते आणि ती देशभर एकच असते. यावरून येथे किमतीचा भेदच नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज कितपत टिकतो, याचा विचार नाशिक जिल्ह्यातील विंचूरच्या संदर्भात करावयाचा आहे. निफाड तालुक्यातील हे गाव पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीमुळे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. आजच्या व्यवहारात मात्र ते द्राक्षांसाठी आणि लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या उपबाजारासाठी ओळखले जाते.

प्रथम दोन शब्दांची नोंद घेणे इष्ट होईल. मराठी कृषिवाङ्मयात ‘भरखत’ आणि ‘वरखत’ असा भेद केला जातो. शेणखत, कंपोस्ट ही भरखते. ती गाडीने वाहावयाची व जमिनीत मिसळावयाची. उभ्या पिकास थोड्या प्रमाणात वरून द्यावयाचे ते वरखत. भरखत बहुधा घरच्या गोठ्यातून येई, त्यामुळे त्यास बाजारभाव असलाच तर तो गावापुरता असे. वरखत कारखान्यातून येऊ लागले तेव्हा खताची किंमत हा राज्यकारभाराचा विषय झाला. ‘वरखत’ या शब्दातील पूरकतेची छटा पुढे लोप पावली आणि नुसते ‘खत’ म्हटले की गोणीतील खत, असा अर्थ रूढ होऊ लागला. या अर्थांतरामागे किंमतधोरणाचा मोठा हात आहे.

या धोरणाचा आरंभ १९४४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय खत संचयापासून धरता येतो. निरनिराळ्या ठिकाणांहून भिन्न दरांनी मिळणारे अमोनियम सल्फेट एकत्र करावयाचे आणि सर्वत्र एकाच दराने वाटावयाचे, हे त्याचे तत्त्व होते. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाल्यावर देशी मालही या व्यवस्थेत आला. कारखान्याजवळच्या शेतकऱ्यास जवळपणाचा लाभ नाही आणि दूरच्यास दूरपणाचा दंड नाही, अशी ही योजना होती. १९५७ च्या खत नियंत्रण आदेशाने किंमत व गुणवत्ता या दोहोंच्या नियमनास कायद्याचा आधार मिळाला.

१९७३ च्या तेलसंकटाने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. जून १९७४ मध्ये युरियाची किंमत टनास १,०५० रुपयांवरून २,००० रुपयांवर गेली. पुढे मराठे समितीच्या शिफारशींना अनुसरून नोव्हेंबर १९७७ पासून नत्रयुक्त खतांसाठी धारण-किंमत योजना सुरू झाली. प्रत्येक कारखान्याचा उत्पादनखर्च व वाजवी नफा धरून त्याची धारण-किंमत ठरे. शेतकऱ्याकडून मिळणारी किंमत तिच्याहून कमी असल्यास फरक सरकार कारखान्यास देई. म्हणजे किमतीतील भेद नाहीसा झाला नव्हता. तो शेतकऱ्यांच्या दारातून उठून कारखान्यांच्या हिशेबवह्यांत गेला होता. या रकमेस ‘शेतकऱ्यांना अनुदान’ म्हणण्याचा प्रघात पडला. वाक्यातील संप्रदान शेतकरी आहे, प्रत्यक्षात रक्कम स्वीकारणारा कारखाना. तिचा कोणता अंश खरोखर शेतकऱ्याच्या पदरात पडतो आणि कोणता कारखान्याच्या अकार्यक्षमतेवर खर्च होतो, हा वाद भाषेतील या संदिग्धतेमुळे अधिकच अस्पष्ट राहिला.

१९९१ मध्ये मात्र हा भेद उघडपणे शेतात उतरला. जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरीने ४० टक्के वाढविण्यात आल्या. विरोध झाल्यावर ऑगस्टमध्ये ही वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली आणि अल्प व अत्यल्प भूधारकांस तीतून वगळण्यात आले. युरियाची जुनी किंमत टनास २,३५० रुपये होती, नवी ३,०६० रुपये झाली. ५० किलोंच्या गोणीस एका शेतकऱ्याने ११७ रुपये ५० पैसे द्यावयाचे आणि शेजाऱ्याने १५३ रुपये, असा हा हिशेब होता. कॅनडा व अमेरिका यांच्यामध्ये जी सीमा आहे ती येथे शेताच्या बांधावर आली, आणि ती पार करण्यास जकातनाका नव्हता. एकाच जिन्नसास दोन किमती असल्या की स्वस्त माल महाग बाजाराकडे वाहू लागतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम होय. शिवाय जमिनीचे क्षेत्र हे उत्पन्नाचे विश्वसनीय माप नव्हे. दोन हेक्टर द्राक्षबाग आणि तेवढेच कोरडवाहू शेत यांची तुलना निफाड तालुक्यात तरी कोणी करणार नाही. ही दुहेरी किंमत फार काळ टिकली नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये घेतलेला निर्णय अधिक दूरगामी ठरला. स्फुरद व पालाश यांची खते नियंत्रणमुक्त झाली. युरिया नियंत्रणात राहिला आणि त्याची किंमत १० टक्क्यांनी उतरवून टनास २,७६० रुपये करण्यात आली. भेद आता शेतकऱ्या-शेतकऱ्यांत राहिला नाही, तो अन्नद्रव्यांमध्ये आला. १९९१ पूर्वी टनास १,३०० रुपये किमतीच्या म्युरिएट ऑफ पोटॅशमधून एक किलो पालाश सुमारे २ रुपये १७ पैशांस पडे, तर युरियातील एक किलो नत्र ५ रुपये ११ पैशांस. म्हणजे पालाश नत्राच्या निम्म्याहूनही स्वस्त होते. २०२२ मध्ये ४५ किलोंची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांस होती आणि पोटॅशची ५० किलोंची गोणी सुमारे १,७०० रुपयांस. त्यानुसार नत्राचा किलो १३ रुपयांच्या आत आणि पालाशाचा ५६ रुपयांवर जातो. जुने प्रमाण केवळ उलटलेच असे नाही, तर पालाश नत्राच्या चौपटीहून अधिक महाग झाले.

याचा परिणाम शेतकऱ्याच्या वापरात तत्काळ दिसला. नत्र, स्फुरद व पालाश यांचे ४:२:१ हे प्रमाण देशपातळीवर आदर्श मानले जाते. १९९१–९२ मध्ये प्रत्यक्ष प्रमाण ५.९:२.४:१ होते, एका वर्षात ते ९.५:३.२:१ झाले. एप्रिल २०१० पासून युरिया वगळून इतर खतांस अन्नद्रव्याधारित अनुदान लागू झाल्यावर हाच अनुभव पुन्हा आला : २००९–१० मधील ४.३:२:१ हे प्रमाण २०१२–१३ मध्ये ८.२:३.२:१ वर गेले. शेतकरी शिफारशी जाणत नाही, असे यावर म्हटले जाते. वस्तुतः त्याने किमतींची भाषा अचूक वाचली, असेच म्हणावे लागते.

विंचूरच्या कांदा-उत्पादकास या वाचनाची किंमत कांदाचाळीत मोजावी लागते. महाराष्ट्रात कांद्यास हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही मात्रा दीर्घकाळ शिफारसलेली आहे. नत्र अधिक किंवा उशिरा दिल्यास कांद्याची मान जाड राहते आणि साठवणीत सड वाढते. पालाश व गंधक यांनी टिकाऊपणा वाढतो. आरंभीच्या काळातील अमोनियम सल्फेट व सुपर फॉस्फेट या खतांतून गंधक आपोआप मिळे. युरियात ते नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून पावसाळाभर चाळीत ठेवावयाचा आणि भाव पाहून उपबाजारात न्यावयाचा, हा येथील क्रम आहे. स्वस्त गोणीने वाचविलेले काही रुपये चाळीतल्या सडीत निघून जाण्याचा संभव असतो. हा तोटा कोणत्याही अनुदानाच्या हिशेबात नोंदला जात नाही.

दुसरी एक बाजू शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने पुढे आणली. १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा व ऊस यांच्या भावासाठी मोठे आंदोलन झाले. शेतमालाचा भाव पाडून घेतलेली रक्कम निविष्ठांवरील सवलतीहून अधिक असेल, तर ते ‘उणे अनुदान’ होय, ही संज्ञा या विचारातून मराठीत रुळली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा युरियाच्या गोणीची किंमत स्थिरच होती. एका हाताने स्थिर ठेवलेला खर्च आणि दुसऱ्या हाताने उतरविलेला भाव यांची बेरीज केल्यावाचून सवलतीचे खरे माप कळत नाही.

भारतास लागणाऱ्या पालाशाचा फार मोठा भाग आयात होतो आणि कॅनडा हा त्याचा एक प्रमुख पुरवठादार आहे. सॅस्कॅचेवानच्या खाणीतील पालाश अमेरिकेतील मक्यासही मिळते आणि विंचूरच्या कांद्यासही. तेथील शेतकऱ्यास किंमत का वाढली, हे जकातीच्या आदेशात वाचावयास मिळते व त्याविरुद्ध तो दाद मागू शकतो. येथील शेतकऱ्यास युरियाची समान किंमत दिसते. अन्नद्रव्यांतील विषमता दिसत नाही. ती दिसण्यासाठी गोणीची किंमत सांगण्याऐवजी प्रत्येक अन्नद्रव्याची प्रतिकिलो किंमत सांगण्याचा परिपाठ सुरू करणे, हा पहिला व सोपा उपाय ठरेल. खतधोरणाच्या इतिहासाचे लेखनही टनांच्या कोष्टकांबरोबर याच मापाने होणे अवश्य आहे.