६ जानेवारी १९३४ : डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांचे निधन

गोल्फ मैदानांचे थोर रचनाकार मॅकेन्झी मुळात शल्यचिकित्सक. बोअर युद्धात शत्रूची जमिनीच्या चढउतारांत बेमालूम लपण्याची हातोटी त्यांनी पाहिली आणि पुढे तीच नजर मैदाने आखताना वापरली. कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट त्यांचेच. गोल्फपटू बॉबी जोन्ससह आखलेल्या ऑगस्टा नॅशनलवर पहिली मास्टर्स स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली. ती पाहायला ते उरले नव्हते. त्यांचे ‘गोल्फ आर्किटेक्चर’ हे पुस्तक १९२० चे, आटोपशीर. दुसऱ्या पुस्तकाचे हस्तलिखित मात्र कित्येक दशके कागदपत्रांतच पडून राहिले! सावत्र नातवाला सापडलेले ते लेखन ‘द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज’ नावाने १९९५ मध्ये छापले गेले. टॉम डोक आणि सहलेखकांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २००१ मध्ये आले.