कोल्हापूरचा कॅमेरा

ज्या यंत्राचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, त्याचा छंद जडला तर एकेक भाग आपणच घडवावा लागतो. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. त्यांना चलच्चित्रांचे वेड लागले. स्वतःचा कॅमेरा करण्याचा खटाटोप चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले.

काम मोठे नाजूक होते. मूकपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला सुमारे सोळा वेळा फीत चार छिद्रांइतकी, म्हणजे १९ मिलिमीटर, पुढे सरकावी, क्षणभर निश्चल राहावी आणि ती सरकत असताना प्रकाश अडविला जावा, अशी योजना असते. फीत ओढणारा आकडा केसभर चुकला, तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. असा भाग कानशीने घासून, पुनःपुन्हा बसवून पाहूनच जुळतो.

शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते अपुरे कार्य १९१८ साली सिद्धीस नेले. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्यात झळकला. पुढे ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रणाची धुरा वाहणारे दामले याच खटपटीत घडले.