ज्योत पेटली आहे का?

तर मंडळी, झालं असं की गेल्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री अडीच वाजता आईने मला हलवून उठवलं. "अरे ऊठ, घर गार पडलंय."

मिनिआपोलिसमधला जानेवारी काय असतो हे पुण्यात बसून कळणार नाही. बाहेर उणे २४ सेल्सिअस होतं, घरात १४. शेजारच्या खोलीत बायको आणि आमची सहा आठवड्यांची चिमणी. आई खास तिच्यासाठीच तीन महिने आलेली. मी दोन स्वेटर चढवून बेसमेंटमध्ये उतरलो. आमची गॅसची फर्नेस तिथे एका कोपऱ्यात असते.

इथली घरं तापवणारी फर्नेस म्हणजे फाउंड्रीतली भट्टी नव्हे. कपाटाएवढा पत्र्याचा डबा असतो. त्यात गॅस जळतो, धूर पाइपाने बाहेर जातो, आणि तापलेली हवा पंखा घरभर फिरवतो. दाराच्या काचेतून बघितलं तर सगळं क्रमाने चाललेलं. आधी धूर खेचणारा छोटा पंखा सुरू झाला, मग इग्नायटर लालभडक झाला, गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, निळ्या ज्योती पेटल्या. मी हुश्श करणार तेवढ्यात टक्क! सगळं बंद. मग पुन्हा तेच. तीनदा प्रयत्न करून बाईसाहेब रुसल्या आणि बोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागला.

आई जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आपल्या गीझरचं असंच व्हायचं ना रे? पेटायचा आणि विझायचा. तो माणूस आला होता, त्याने आतली काडी पॉलिश पेपरने घासली, झालं."

मी अर्थातच तिच्याकडे दुर्लक्ष केलं. (इंजिनियर ना आम्ही!) दाराच्या आत चिकटवलेला कोडचा तक्ता वाचला. लुकलुकण्याचा अर्थ होता: ज्योत जाणवत नाही.

ज्योत तर मला धडधडीत दिसत होती. मग फर्नेसला का दिसत नव्हती? या प्रश्नाने माझे पुढचे दोन विकांत खाल्ले. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात करायला आमच्या गावाइतकं चांगलं ठिकाण नाही. १८८५ साली याच मिनिआपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ नावाच्या, स्वित्झर्लंडहून आलेल्या माणसाने कोळशाच्या भट्टीसाठी एक यंत्र बनवलं. तोवर थंडीत घरातल्या कोणीतरी उठून, तळघरात जाऊन भट्टीचं हवेचं झाकण उघडायचं अशी पद्धत होती. बुट्झच्या यंत्रात खोली गार झाली की एक मोटर साखळी ओढून ते झाकण उघडायची आणि निखारा फुलायचा. पुढे अनेक हात बदलून, १९२७ साली इंडियानातल्या मार्क हनीवेलच्या कंपनीशी विलीन होऊन त्या धंद्याची मिनिआपोलिस-हनीवेल झाली.

कोळशाचं एक बरं असतं. तो विझतो तेही हळूहळू, आणि विझला की फार तर थंडी वाजते. गॅसचं तसं नाही. ज्योत विझली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर गॅस येतच राहतो. तो भट्टीत साठतो, खोलीत पसरतो, आणि ठिणगीची वाट बघतो. न्यू जर्सीच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना १९१९ साली नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या घरगुती हीटिंग फर्नेसचं पेटंट मिळालं. गॅस घरात येऊ लागला तसा एक प्रश्नही घरात आला: आपण झोपलेलो असताना ज्योत पेटली आहे की नाही, हे बघणार कोण?

पहिलं टिकाऊ उत्तर शंभर वर्षं आधीच तयार होऊन पडलं होतं. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस झेबेकने दोन वेगळ्या धातूंच्या तारांचं एक कडं केलं, एक सांधा तापवला, आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. झेबेकला वाटलं की उष्णतेने चुंबकत्व तयार झालं. खरं तर कड्यात वीज वाहत होती. हाच आपला बारावीच्या फिजिक्समधला थर्मोकपल. फर्नेसमध्ये एक छोटी ज्योत कायम तेवत ठेवायची, तिला म्हणतात पायलट. तिच्यात थर्मोकपलचं टोक धरायचं. त्यातून जेमतेम २५-३० मिलिव्होल्ट मिळतात, पण तेवढ्यावर एक छोटं विद्युतचुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. पायलट विझला, टोक गार झालं, चुंबकाची पकड सुटली, गॅस बंद.

यातली गंमत लक्षात घ्या. बाहेरची वीज लागत नाही. आणि थर्मोकपल तुटला, तार निसटली, काहीही झालं तरी गॅस बंदच होतो. सगळं ठीक आहे याचा पुरावा सतत मिळत राहिला तरच व्हॉल्व्ह उघडा.

पुराव्याचा हा आग्रह किती महत्त्वाचा आहे ते मला एका जुन्या दुर्घटनेबद्दल वाचताना कळलं. १८ मार्च १९३७. पूर्व टेक्सासमधलं न्यू लंडन. तेलाच्या पैशांवर उभी राहिलेली भव्य शाळा. खर्च वाचवायला शाळेने तेलक्षेत्रातल्या उरलेल्या, नाहीतरी जाळून टाकायच्या गॅसच्या पाइपाला जोड देऊन घेतली होती. या गॅसला वास नसतो. तो इमारतीखालच्या पोकळीत गळून साठत गेला आणि कोणालाही कळलं नाही. दुपारी शाळा सुटायच्या सुमारास कार्यशाळेतल्या एका शिक्षकाने विजेवरचं सँडिंग मशीन चालू केलं. ठिणगी पडली. जवळजवळ ३०० जीव गेले, त्यात बहुतेक मुलं.

हा स्फोट भट्टीतली ज्योत विझल्यामुळे झाला नव्हता. पण न दिसणाऱ्या, वास नसलेल्या गॅसवर डोळे झाकून विश्वास टाकला की काय होतं ते त्यातून जगाला दिसलं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरच्या गॅसलाही असाच वास घातलेला असतो. आणि त्याच वर्षी टेक्साससने, म्हणजे टेक्सास राज्याने, इंजिनियरांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. यापुढे इंजिनियर म्हणवून घ्यायचं तर सही करायची आणि जबाबदारी घ्यायची. मी कॉलेजातून डिग्री घेऊन बाहेर पडलो तेव्हा असलं काही कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही कोड लिहितो, रिलीज करतो, फुटला तर सोमवारी पॅच देतो.

परत फर्नेसकडे. थर्मोकपलचे दोन तोटे होते. एक, तो आळशी. ज्योत विझल्यावर टोक गार होऊन व्हॉल्व्ह बंद व्हायला बरेच सेकंद, कधी मिनिटही जायचं. पायलटच्या इवल्याशा ज्योतीला ते चालून जातं, पण मोठा बर्नर थेट पेटवायचा तर तेवढ्या वेळात भट्टी गॅसने भरेल. दुसरा तोटा म्हणजे पायलट चोवीस तास गॅस खातो. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही उधळपट्टी डोळ्यांत खुपायला लागली. १९८७ साली अमेरिकेत घरगुती उपकरणांच्या कार्यक्षमतेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि १९९२ पासून नव्या फर्नेसला वर्षभराच्या हिशोबात किमान ७८ टक्के कार्यक्षमता बंधनकारक झाली. कायम तेवणाऱ्या पायलटचे दिवस भरले. आता गरज असेल तेव्हाच पेटवायचं, आणि पेटलं की नाही ते क्षणात ओळखायचं.

त्यासाठी ज्योतीचा जो गुण वापरला तो तर झेबेकपेक्षाही जुना. विल्यम गिल्बर्टने १६०० सालच्या आपल्या चुंबकावरच्या ग्रंथात नोंदवलं होतं की घासून विद्युतभारित केलेला पदार्थ ज्योतीजवळ नेला की त्याची ओढ नाहीशी होते. का? कारण ज्योतीत सुटे इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयन असतात. म्हणजे ज्योतीतून वीज वाहते!

मग सोपं आहे की, ज्योतीत एक काडी धरा, तिला व्होल्टेज द्या, करंट आला तर ज्योत आहे. सुरुवातीला असंच केलं गेलं. पण त्यात एक भोक होतं. काडीच्या इन्सुलेटरवर ओल किंवा काजळी बसली तर तिच्यातूनही करंट जातो, आणि यंत्राला वाटतं ज्योत आहे. विझलेली असताना!

यावर काढलेला तोडगा वाचून मी खुर्चीतून उठलो. काडीला डीसी द्यायचंच नाही, एसी द्यायचं. बर्नरचं लोखंड ग्राउंडला जोडलेलं असतं, आणि त्याचा ज्योतीला लागलेला पृष्ठभाग काडीच्या निदान चौपट ठेवायचा. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, आयन जड आणि सुस्त. या असमानतेमुळे एका दिशेने करंट सहज वाहतो, उलट दिशेने फारच कमी. म्हणजे ज्योत स्वतःच डायोड होते. एसी देऊन बोर्ड डीसीची वाट बघतो, तोही काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दशलक्षांश भाग. ओल, काजळी, शॉर्टसर्किट यांच्यातून एसी तसाच्या तसा दोन्ही दिशांनी जातो. डीसी फक्त ज्योतच देऊ शकते. तार तुटली तर करंट शून्य, तेव्हाही गॅस बंद. वर आणखी, गॅस चालू नसतानाच ज्योतीचा सिग्नल आला तर अनेक बोर्ड पुढे जायलाच नकार देतात.

त्या रात्री मी डॅलसच्या मित्राला फोन लावला होता. तो म्हणाला, "अरे, सेन्सरची वायर काढून डायरेक्ट बॉडीला जोड, सकाळपर्यंत काम भागेल." खोटं कशाला बोलू, बाळाकडे बघून मला तो मोह झाला होता. वाचल्यावर कळलं की त्याने काहीही झालं नसतं. बोर्डाला नुसता एसी दिसला असता आणि तो गप्प बसला असता. रात्री अडीच वाजता गारठलेला, घाबरलेला एक बाप नेमकं हेच करून बघेल, हे कोणीतरी माझ्या जन्माआधीच ओळखून ठेवलं होतं.

शेवटी मी काय केलं? आईचं ऐकलं. वीज आणि गॅस बंद केला, एक स्क्रू काढून काडी बाहेर काढली. तिच्यावर पांढुरकी पुटं चढली होती. हवेतली धूळ आणि कपडे धुण्याच्या पदार्थांतलं सिलिकॉन जळून काचेसारखा थर बसतो, आणि काच म्हणजे इन्सुलेटर. आमची फर्नेस वॉशिंग मशीनच्या शेजारीच. पॉलिश पेपरऐवजी बारीक स्टील वूल वापरलं, कारण पेपरने चरे पडतात आणि चऱ्यांत पुट लवकर धरतं. पहिल्याच प्रयत्नात फर्नेस पेटली आणि पेटलेली राहिली. आई काही बोलली नाही, नुसती चहा टाकायला गेली.

पण घासताना काडीच्या पांढऱ्या सिरॅमिकवर केसासारखी चीर दिसली होती. तिथून करंट गळतो, म्हणजे काडी बदलायलाच हवी. इथे मी पुन्हा माती खाल्ली. 'सगळ्यांना बसेल' अशी स्वस्त युनिव्हर्सल काडी मागवली. ती सरळ होती, आमची वाकडी. वाकवून बसवली तर टोक ज्योतीच्या कडेला. मीटर तारेत मधोमध जोडून मोजलं तर १ मायक्रोअँपिअरही येईना. दिसायला सगळ्या काड्या सारख्याच, पण लांबी, वाकण्याचा कोन, पट्टीवरचं भोक आणि तारेचं टोक, हे चारही जुळावं लागतं. काडी ज्योतीत नीट बुडलेली हवी आणि बर्नरला अजिबात टेकलेली नको. वाकवायचीच तर सिरॅमिकवर जोर पडता कामा नये. शेवटी दारातल्या पाटीवरचा मॉडेल नंबर बघून मूळ पार्ट मागवला. करंट ३.२. काडी सहसा कांथलसारख्या मिश्रधातूची असते. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोवने विकसित केला. रोज ज्योतीत उभं राहायचं म्हणजे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि माझ्याच कोडमधली एक ओळ उघडली. समोरच्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर 'सगळं ठीक' असं धरून पुढे जाणारी. मीच लिहिली होती, डेडलाइनच्या आदल्या रात्री. बदलली. कोणी बघितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

असो. चिमणी आता बसायला लागली आहे. बोर्डावरचा दिवा स्थिर आहे.

ता. क.: आई परत गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर पुण्याच्या घरचा गॅस गीझर बाथरूममधून बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेतला. काडी फक्त ज्योत आहे की नाही एवढंच सांगते. बंद बाथरूममध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही, आणि त्याला वासही नसतो. तुमचा गीझर आत असेल तर या विकांताला तेवढं बघाच.