जुने उपग्रह ग्राहकसंच

जुने उपग्रह ग्राहकसंच म्हणजे डिश अँटेनाने टिपलेल्या उपग्रहीय लहरींचे दूरचित्रवाणीसाठी चित्र व ध्वनीत रूपांतर करणाऱ्या आरंभीच्या काळातील पेट्या होत. दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस (सध्याची डीडी फ्री डिश) ही निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली.

कर्जत–खोपोली लोहमार्गावरील पळसदरीसारख्या घाटपायथ्याच्या गावी भूप्रक्षेपणाला डोंगर आडवा येतो. फ्री डिशचा उपग्रह ९३.५° पूर्व रेखांशावर असल्याने येथून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८° उंचीवर असतो. त्यामुळे सह्याद्रीचा अडथळा होत नाही. अंगणातील आंबा मात्र होऊ शकतो.

== ओळख ==
कंपनीच्या नावापेक्षा पेटीची मागील बाजू अधिक बोलकी असते. पिवळी, लाल व पांढरी खोबण असून एचडीएमआय नसेल, तर संच बहुधा एमपीईजी-२ प्रकारचा असतो. त्यावर एमपीईजी-४ वाहिन्या दिसत नाहीत. असा संच बिघडलेला समजून टाकून दिला जातो, हे योग्य नव्हे.

== जोडणी ==
डिशची केबल 'एलएनबी इन' या खोबणीत जोडतात. शेजारची 'लूप आउट' दुसऱ्या संचासाठी असते. पिवळी तार चित्राची, उरलेल्या दोन ध्वनीच्या. याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज जाते. जाळीचा एखादा धागा मधल्या तांब्याच्या तारेस टेकल्यास शॉर्ट होऊन संच निकामी होऊ शकतो. म्हणून जोडणीपूर्वी प्लग काढणे आवश्यक आहे. कोकणच्या पावसात केबलमध्ये पाणी शिरू नये यासाठी एलएनबीपाशी तिला खाली झुकणारा झोल देतात.