जुना पिकअप ट्रक घरी का दुरुस्त होतो?

अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी एक नवे वाहन बाजारात आणले. पुढे मॉडेल टी मोटारीचे नेहमीचे दोन माणसांचे आसन, आणि मागे पोलादी पत्र्याचा छोटा हौदा. किंमत २८१ डॉलर. हौद्यासकट कारखान्यातून बाहेर पडलेला फोर्डचा हा पहिला पिकअप ट्रक. पण कल्पना कंपनीची म्हणता येणार नाही. शेतकरी मंडळी आधीची कित्येक वर्षे मॉडेल टी गाडीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी खोके बसवत होती आणि त्यातून धान्य, कोंबड्या, दुधाचे कॅन बाजारात नेत होती. कंपनीने त्यांचेच पाहून हौदा बसवला.

असे जुने पिकअप घरामागच्या छपरीत उभे करून, सुटीच्या दिवशी त्यांचा नट न् नट खोलून ते पुन्हा चालते करण्याचा छंद आज अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. आपल्याला हा छंद लांबचा वाटेल. परंतु विज्ञान शिकवणाऱ्याने विचारावा असा एक प्रश्न त्यात आहे. कारखान्यात बनलेले यंत्र सत्तर-शंभर वर्षांनी, कारखान्याबाहेर, साध्या अवजारांनी दुरुस्त होते, हे कसे? ‘जुनी यंत्रे साधी होती’ हे उत्तर लगेच मिळते. आम्हाला ते अपुरे वाटते.

मॉडेल टी साधी होती का? काही बाबतीत होती. तिला पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरे. अभिसरणाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. पेट्रोलचा पंपही नव्हता. टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे जाई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना चढ लागला, की गाडी वळवून उलटी चढवावी लागे! पण ठिणगीची व्यवस्था पाहा. इंजिनाच्या जड चाकावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची सोळा चुंबके, त्यांच्यासमोर तारेची वेटोळी, शिवाय चार सिलिंडरांना थरथरत्या पट्टीची चार स्वतंत्र कॉइल. याला साधे कोण म्हणेल? चुंबके कालांतराने क्षीण होतात. छंदिष्ट लोक होकायंत्राने ध्रुव ओळखून, बॅटऱ्यांचा एकदिश प्रवाह क्षणभर त्या वेटोळ्यांतून सोडतात आणि चुंबके जागच्या जागी पुन्हा भारतात.

म्हणून उत्तर दुसरीकडे शोधायला हवे. त्यातला एक भाग कारखान्यातच सापडतो. पूर्वी मोटारीचा प्रत्येक भाग कारागीर कानस घेऊन दुसऱ्या भागाशी जुळवून बसवत असे. ‘फिटर’ हा शब्द त्यातूनच आला. अशा गाडीचा भाग मोडला तर दुसऱ्या गाडीचा चालेलच, याची खात्री नसे. फोर्डने मोजमापावर कमालीचा भर दिला आणि सुटे भाग एकमेकांच्या जागी बसतील इतके सारखे केले. अचूक मापांचे पोलादी ठोकळे बनवणारा स्वीडनचा कार्ल योहानसन हा माणूस १९२३ साली फोर्डकडे कामाला आला. त्याचे ठोकळे इतके सपाट असत, की एकावर एक घासत सरकवले की चिकटून बसत. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी गाड्या बनल्या. कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाची काटेकोर शिस्त पाळली गेली, म्हणून शेतावर पाना, पकड आणि हातोडीवर भागले. घरी दुरुस्ती करणाऱ्याला अचूकतेची गरज नव्हती असे नाही. ती त्याच्यासाठी आधीच कोणीतरी साधून ठेवलेली होती.

दुसरा भाग शेतकऱ्यांकडे जातो. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ साली ग्रामीण अमेरिकेतल्या मोटारीच्या वापरावर एक लेख लिहिला. शेतकऱ्यांनी मोटारीला प्रवासाचे साधन एवढेच मानले नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मागचे चाक जॅकवर उचलायचे, त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत किंवा पाण्याचा पंप चालवायचा. ज्या यंत्राला आपण दहा कामांना जुंपले, ते उघडायची भीती कशी वाटणार? फोर्डची माहितीपुस्तिकाही प्रश्नोत्तरांच्या रूपात होती, एखाद्या धड्याखालच्या स्वाध्यायासारखी.

आणि तिसरा भाग शाळेचा. हा शिक्षकवाचकांना विशेष जवळचा वाटेल. १९१७ साली अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि माध्यमिक शाळांतल्या शेती, उद्योग व गृहशास्त्राच्या शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. शेतकऱ्यांची मुले शाळेच्या कार्यशाळेत जोडकाम, लोहारकाम, इंजिनाची देखभाल शिकू लागली. पुढे फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे खासगी मोटारींचे उत्पादन थांबले, टायरांवर रेशन आले. आहे ती गाडी चालती ठेवणे भाग पडले, आणि तेव्हा हे शिक्षण कामी आले. आमच्या मते घरगुती दुरुस्तीच्या इतिहासात कारखान्याइतकेच महत्त्व या कार्यशाळांना द्यायला हवे. छंदाच्या कौतुकात त्यांची आठवण क्वचितच निघते.

युद्धानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यात, शेव्हरलेने नव्या घडणीचे पिकअप आणले. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत ते बनत राहिले आणि आज घरी दुरुस्त होणाऱ्या जुन्या ट्रकांत ते फार लोकप्रिय आहेत. (शेव्हरले हे नाव मुंबईकरांनाही नवे नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता; तो १९५४ मध्ये बंद झाला.) सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेतीन लिटरचे, ९० अश्वशक्तीचे बिडाचे इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, आणि हौद्याला लाकडी फळ्यांचा तळ.

या इंजिनातले बॅबिट धातूचे बेअरिंग आपण नीट पाहू. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली पेटंट घेतलेली ही कल्पना. कथिलात थोडे अँटिमनी आणि तांबे मिसळले, की मऊ धातूत कठीण कण विखुरलेला मिश्रधातू तयार होतो. कठीण कण भार पेलतात, मऊ भाग किंचित झिजून तेलाला जागा देतो. तेल संपले तर बॅबिट वितळून जाते, पण महागडा क्रँक बहुतेकदा वाचतो. पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाला हा धातू ओतलेला असे आणि दांड्याच्या दोन अर्धुकांमध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, ठेवलेल्या असत. बेअरिंग झिजून इंजिन ठोके देऊ लागले, की गाडीखाली शिरून तेलाची टाकी उतरवायची, एखादी शिम काढायची, बोल्ट आवळायचे आणि दांडा हाताने हलवून पाहायचा. हवी असलेली फट दीड-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दीड-दोन हजारांश. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि ती हाताला जाणवते! जॉन स्टाइनबेकच्या १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीत दोघे भाऊ असेच एक जळलेले बेअरिंग रस्त्याच्या कडेला, भंगारातून दांडा आणून बदलतात. त्या काळच्या वाचकाला हा प्रसंग अद्भुत वाटला नसेल.

झीज कारखान्याने गृहीत धरली होती, तिच्यासाठी शिमची सोय होती. गंज मात्र कोणी गृहीत धरला नव्हता. त्यामुळे आज जुना ट्रक हाती घेणाऱ्याचा बराचसा वेळ गंजाशी झगडण्यात जातो. १९४० च्या दशकापासून थंडीत रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकायची पद्धत पसरली आणि उत्तरेकडच्या राज्यांतले ट्रक खालून खाऊन गेले. म्हणून ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा कोरड्या राज्यांतल्या सांगाड्यांना अधिक मागणी असते.

या शेव्हरले ट्रकचा पत्रा ठरावीक ठिकाणी आधी सडतो. केबिनचे खालचे मागचे कोपरे, पायरीची आतली बाजू, मडगार्डची घडी. तेथे चिखल आणि पाचोळा साचतो, एवढे कोणीही सांगेल. पण ओलाव्याखेरीज तेथे आणखी एक गोष्ट घडते. १९२० च्या दशकात केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवले, की थेंबाच्या कडेला, जेथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, तेथे लोखंड शाबूत राहते आणि मध्यभागी, जेथे तो कमी पोचतो, तेथे विरघळते. कड ऋणाग्र होते, मध्य धनाग्र. म्हणजे गंजायला ऑक्सिजन लागतो हे खरे, पण खड्डा पडतो तो ऑक्सिजन कमी असलेल्या जागी! वर्गात हा प्रयोग घासलेल्या पत्र्यावर सहज करता येतो. थेंबात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घातले, तर कडेला गुलाबी आणि मध्ये निळा रंग दिसतो. चिखलाखालचा कोपरा म्हणजे त्या थेंबाचा मध्य. त्यामुळे जाणकार रंगाआधी केबिनच्या तळाची पाणी निघायची भोके उघडतो. वरून कितीही सुंदर रंग दिला आणि ती भोके बुजलेली राहिली, तर सगळी मेहनत वाया जाते.

गंजलेले छोटे भाग स्वच्छ करायला घरी विद्युत अपघटन वापरतात. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात थोडा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. गंजाचा थर सैल होऊन ब्रशने निघतो, मूळ धातू झिजत नाही. मात्र धन टोकाला स्टेनलेस पोलाद कधीही लावू नये. त्यातून घातक क्रोमियम द्रावणात उतरू शकते. सोड्याऐवजी मीठ वापरले तर क्लोरीन निघू शकतो. हायड्रोजन तर निघतोच, म्हणून टब उघड्यावर ठेवावा आणि जवळ ठिणगी पडू देऊ नये. ॲल्युमिनियमचे भाग यात टाकू नयेत. स्प्रिंगचे पाटेही नकोत, कारण कठीण केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते. ही शेवटची सूचना घरगुती दुरुस्तीच्या बोलण्यात बऱ्याचदा राहून जाते.

गंजाने धरलेला नट तापवून सोडवतात. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: नट तापवला तर त्याचे भोक लहान होईल की मोठे? धातू सगळीकडे फुगतो, म्हणून भोक आक्रसेल, असे बरेच जण सांगतात. प्रत्यक्षात तापलेली कडी सर्व बाजूंनी मोठी होते, भोकासकट. गोळा आणि कडीच्या प्रयोगात कडीच तापवून दाखवली, तर हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते.

आता इंधनाकडे येऊ. टॉमस मिडग्लीने डिसेंबर १९२१ मध्ये पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळले, की इंजिनाचे ठोके थांबतात हे शोधले. त्या शिशाचा थर झडपांच्या बैठकीलाही जपत असे. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. फार भार ओढणाऱ्या जुन्या इंजिनात म्हणून कठीण धातूच्या नव्या बैठका बसवतात. हलक्या कामाच्या इंजिनाला त्यावाचून फारसे अडत नाही. आताच्या पेट्रोलातल्या इथेनॉलची अडचण निराळी. जुन्या कार्बोरेटरमधला फ्लोट बुचाचा असे आणि त्याला चपडा लाखेचा लेप दिलेला असे. ही लाख बहुतांशी आपल्याकडून, छोटा नागपूर आणि बंगालच्या जंगलांतून जाई. लाख पेट्रोलात विरघळत नाही, अल्कोहोलात मात्र विरघळते. लेप गेला, की बूच पेट्रोल शोषून बुडते आणि कार्बोरेटर वाहू लागतो.

जुना ट्रक उत्तम आणि नवा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. त्या ट्रकच्या ब्रेकना एकच नळी-मंडल होते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. ब्रेकच्या तेलात हवेतला दमटपणा मुरून नळ्या आतून गंजतात, म्हणून तेल ठरावीक काळाने बदलावेच लागते. ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या झोताने उडवणे म्हणजे फुप्फुसाशी खेळ. सीटबेल्ट नव्हते आणि धुरावर कसलेच बंधन नव्हते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर गाड्यांवर धूर आवरणारी साधने चढली, इंजिनावर संगणकाची देखरेख आली. शहरांची हवा त्याने सुधारली, आणि तो सौदा आम्हाला योग्यच वाटतो.

पण त्या सौद्यात एक भलतीच गोष्टही गेली. बेअरिंगची फट हाताला कळते. संगणकातल्या काही खुणा कंपनीच्या यंत्रावाचून वाचता येत नाहीत. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी ही माहिती गाडीमालकापासून लपवायला हवी, असे कोणत्याही विज्ञानाने सांगितलेले नाही. १९४७ च्या ट्रकची दुरुस्तीपुस्तिका मालकाला मिळत होती, आजही तिच्या प्रती मिळतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी गाडीची निदानमाहिती मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकला मिळावी, असा कौल दिला. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी गाडीतल्या संगणकाचे कुलूप उघडण्याची सवलत कॉपीराइट कायद्याखाली मिळाली. बिनतारी पाठवल्या जाणाऱ्या माहितीसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये २०२० साली पुन्हा मतदान झाले, आणि तोही कौल मालकांच्याच बाजूने लागला. त्याविरुद्ध वाहन कंपन्या न्यायालयात गेल्या.