मिस्त्रींच्या हातचे सुटे भाग

आपल्याकडे मोटारींचा इतिहास म्हणजे कारखान्यांचा इतिहास. मालक, परवाने, उत्पादनाचे आकडे. गाडी रस्त्यावर आल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे ती कुणी चालती ठेवली, हा प्रश्न त्यात फारसा येत नाही. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग आमच्या मोहल्ल्यांत आहे.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. फोर्डही मुंबईत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, सुटे भाग इथेच बनवण्याची ज्यांची तयारी नाही त्यांनी नुसते जोडणीचे काम बंद करावे. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. धोरण चुकले असे आम्ही म्हणणार नाही, देशी कारखानदारीला त्यातून बळ मिळाले. पण रस्त्यावरच्या शेवरलेट आणि फोर्ड पोरक्या झाल्या. आयातीवर निर्बंध, म्हणून पार्ट मिळेना.

मग काम आले मिस्त्रीकडे. शेवरलेटच्या जुन्या सहा-सिलिंडर इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या टोकाला मऊ पांढरा धातू ओतलेला असे, तेच त्याचे बेअरिंग. ते झिजले की मिस्त्री जुना धातू वितळवून काढी, आतून नवसागर लावून कथलाचा हात देई (भांड्यांना कल्हई करतात अगदी तसाच) आणि नवा धातू ओती. मग शाफ्टला निळा रंग फासून रॉड फिरवायचा, जिथे रंग लागेल तेवढेच खरवडायचे, पुन्हा फिरवायचे. दिवस यात जाई. शाफ्ट झिजून घासावा लागला असेल तर धातूचा थर तेवढा जाड ठेवायचा.  गॅस्केट तर सोपे: इंजिनावर शीट ठेवून कडेकडेने हातोडी ठोकायची, कड आपोआप कापली जाते.

सगळेच जुगाड मात्र कौतुकाचे नव्हते. अमेरिकन गाडीत जड डिझेल इंजिन बसवले की पुढचे स्प्रिंग बसत. ब्रेकला दुसऱ्या गाडीचे रबर घालणे हा तर जिवाशी खेळ होता.

पुढे हीच पाळी कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीवर आली. उत्पादन थांबल्यावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात मोडीत निघालेल्या टॅक्सीचे गिअरबॉक्स, दरवाजे दुसऱ्या टॅक्सींना जगवत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ मध्ये तीही उतरली.

या उस्तादांनी लिहून काही ठेवले नाही. शागिर्दाने बघून शिकायचे. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही विचारले, पांढरा धातू ओतण्याइतका तापला हे कसे कळे? मीटर तर नव्हता. ते म्हणाले, "लाकडाची काडी बुडवायची. तपकिरी झाली तर ओता. पेटली तर थांबा."